दुरुस्ती होते, बिघाड परत येतो: एक्स्टेंडेड वॉरंटीतल्या गाडीचं काय करायचं

गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, "काम झालं" म्हणून परत आली, आणि आठवड्याभरात तोच दिवा डॅशबोर्डवर पुन्हा पेटला. परत नेली तर "आमच्याकडे तर काही दिसत नाही" असं उत्तर मिळतं. पुढच्या खेपेला एखादा सेन्सर बदलून देतात आणि त्याचं बिल आपल्या हातात पडतं, कारण तो भाग म्हणे कव्हरमध्ये येत नाही. एवढं होऊनही बिघाड जागच्या जागी. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे मूळ वॉरंटीनंतरची जादा वॉरंटी, घेतलेल्या कितीतरी गाड्या या चक्रात अडकतात, आणि वॉरंटीची मुदत रोज थोडी थोडी संपत असते.

या चक्राचं मूळ समजलं की पुढचं सोपं जातं. वॉरंटी पैसे देते ते निकामी झालेल्या भागाचे. "गाडी झटके देते", "इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी होतं", "दिवा लागतो" ही लक्षणं झाली, आणि नुसत्या लक्षणावर क्लेम पास होत नाही. कुठला भाग गेला, कशामुळे गेला आणि तो करारात बसतो का, एवढं कागदावर यावं लागतं. वारंवार उलटणाऱ्या बिघाडात बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर कोणी शोधलेलं नसतं. तात्पुरता इलाज करून गाडी बाहेर काढलेली असते. तेव्हा लक्षणापासून भागापर्यंतचा पुरावा तयार करून घेणं हे तुमचं काम. त्यासाठी स्वतः मेकॅनिक असण्याची गरज नाही, पण काय मागायचं ते माहीत हवं.

जॉब कार्डवर काय लिहिलं जातंय?

सुरुवात इथून करा. काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तुमचं म्हणणं ऐकतो आणि कॉम्प्युटरवर जॉब कार्डात, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रात, टाइप करतो: "इंजिन लाइट चेक करणे". आत काम करणाऱ्या टेक्निशियनपर्यंत तेवढंच पोचतं. तो स्कॅनर लावतो, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड पुसतो, दिवा जातो, काम संपतं.

त्याऐवजी तक्रार अशी लिहून घ्या: "रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू केली की पहिली काही मिनिटं इंजिन थरथरतं. गरम झालं की थांबतं. एसी चालू असेल तर जास्त. थरथरताना दिवा लुकलुकतो, नंतर स्थिर राहतो." इंजिन थंड की गरम, वेग किती, कुठला गिअर, चढ की सपाट, पाऊस, पेट्रोल नुकतंच भरलं होतं का, या तपशिलांवरून अनुभवी माणूस निम्मा तपास जागेवरच करतो. लुकलुकणारा दिवा तर फार महत्त्वाचा. बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ असा की मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) इतका जोरात होतोय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला, धोका आहे. अशा वेळी गाडी दामटू नये.

इथे एक पथ्य पाळा. निदान तुम्ही सांगू नका. "कॉइल बदलून द्या" (कॉइल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) म्हणालात तर ते ग्राहकाच्या सांगण्यावरून केलेलं काम ठरतं आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात. लक्षण तुमचं, निदान त्यांचं, ही विभागणी कागदावर स्पष्ट राहू द्या.

गाडी परत घेताना बिलावर किंवा बंद झालेल्या जॉब कार्डवर तक्रार, सापडलेलं कारण आणि केलेला उपाय हे तिन्ही असलं पाहिजे. "तपासलं, दोष आढळला नाही" असं असेल तरी चालेल, पण ते लेखी हवं, तारीख आणि किलोमीटर रीडिंगसकट. पुष्कळ जण रिकाम्या हाती परत येताना कागद घेतच नाहीत. पुढे वॉरंटी संपल्यावर तोच भाग पूर्ण निकामी झाला, तर "हा दोष मुदतीत सुरू झाला होता आणि मी तेव्हाच दाखवला होता" हे सिद्ध करायला नेमका तोच कागद लागतो. मुदत वर्षांची आणि किलोमीटरची अशी दुहेरी असते, जे आधी पूर्ण होईल ते धरतात. त्यामुळे संपण्याच्या सुमारास किलोमीटरकडेही लक्ष असू द्या आणि शिल्लक असलेली प्रत्येक तक्रार त्याआधी नोंदवा.

सर्व्हिस सेंटरला नेली की गाडी शहाण्यासारखी वागते, ही सगळ्यांचीच अडचण. त्यावर उपाय तीन. बिघाड होत असताना शेजारी बसलेल्या माणसाने व्हिडिओ घ्यावा, त्यात आवाज, आरपीएमचा काटा आणि ओडोमीटर दिसू द्या. टेक्निशियनला शेजारी बसवून गाडी तुम्ही स्वतः चालवा, कारण बिघाड कुठल्या वेगाला आणि पॅडल कितपत दाबल्यावर येतो ते तुमच्या पायाला माहीत असतं. आणि बिघाड थंड इंजिनावर होत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, सकाळी टेक्निशियनच्याच हाताने सुरू होऊ द्या. दुपारी चालवत नेलेल्या गाडीत थंड इंजिनाचा दोष सापडणार कसा?

कोड पुसू नका

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचे छोटे स्कॅनर आता कुणालाही मिळतात आणि मोबाइलवर कोड दिसतो. बघायला हरकत नाही, लिहून ठेवा, फोटो काढा. पण पुसू मात्र नका. कोड नोंदला जातो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थितीही साठवून ठेवतो: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा भार. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे मॉनिटर, पुन्हा शून्यापासून सुरू होतात. बॅटरीची तार काढून ठेवली तरी बहुतेक गाड्यांत हेच होतं. मग सर्व्हिस सेंटरला खरोखरच काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, कोड भागाचं नाव सांगत नाही. कुठल्या यंत्रणेत काय विपरीत दिसलं एवढंच तो सांगतो. पी ०१७१ म्हणजे इंजिनाच्या एका बाजूला इंधनाच्या मानाने हवा जास्त पडतेय. हे सांगतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणून घाईत तोच बदलला जातो. पण कारण बहुधा दुसरीकडे असतं: इनटेकच्या नळीला गेलेली चीर, मळलेला एअर फ्लो सेन्सर, कमी पडणारा फ्युएल प्रेशर. तसाच पी ०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचा. कन्व्हर्टर खराब झाला असेलही, पण तो आपोआप क्वचितच खराब होतो. मिसफायरमुळे न जळलेलं इंधन त्यात जात असेल किंवा इंजिन ऑइल जळत असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाणार. "कोडवरून भाग बदलला" असं कोणी म्हणालं की विचारा: भाग खराब आहे हे कुठल्या चाचणीत दिसलं?

ती चाचणी कधी कधी किती सोपी असते त्याचं उदाहरण म्हणजे मिसफायर. कोड पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर. जिथे प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल असते, तिथे पहिल्याची कॉइल काढून तिसऱ्याला लावायची आणि तिसऱ्याची पहिल्याला. गाडी चालवायची. आता कोड पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड पी ०३०१ वरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे जायचं. क्लेमच्या दृष्टीने याला मोल आहे, कारण स्पार्क प्लग हा झिजणारा भाग म्हणून जवळपास सगळ्याच करारांत वगळलेला असतो आणि कॉइल मात्र बऱ्याच करारांत बसते. "मिसफायर होता, प्लग बदलले" एवढ्यावर खर्च तुमचा. "कॉइल अदलाबदल केल्यावर कोड सरकला" असं लिहिलं की तो क्लेम होतो.

एकाच वेळी वेगवेगळ्या यंत्रणांचे चार-सहा कोड दिसत असतील तर बाकी काही करण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग तपासायला सांगा. गाडी काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण १२.६ च्या आसपास असतो. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत तो साडेतेरा ते साडेचौदाच्या घरात जातो, काही नव्या गाड्यांत मात्र कॉम्प्युटर तो मुद्दाम कमीजास्त करतो. कमकुवत बॅटरीमुळे चांगले मॉड्यूलही (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) चुकीच्या तक्रारी नोंदवतात.

कूलंट कमी होतं, पण खाली एक थेंब नाही

हा बिघाड सविस्तर सांगतो, कारण वर्षानुवर्षं टॉप-अप करून ढकलला जाणारा याच्यासारखा दुसरा नाही. ओळखीतल्या एका गाडीत हेच चाललं होतं. बाटलीतली पातळी हळूहळू खाली यायची, गाडीखाली ओल कधीच नसायची, आणि प्रत्येक जॉब कार्डवर "कूलंट टॉप-अप केलं" एवढंच. वॉरंटीच्या लेखी त्या गाडीत दोष असा काही नव्हताच.

शेवटी गाडी रात्रभर सोडली आणि सकाळी थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करायला सांगितली. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडाला टोपणाऐवजी हातपंप बसवतात आणि टोपणावर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढा भरतात, पुष्कळ गाड्यांत तो एक बारच्या आगेमागे असतो. मग काट्याकडे बघत थांबायचं. काटा स्थिर राहिला तर यंत्रणा घट्ट आहे. इथे तो अगदी सावकाश खाली येत होता. टॉर्च घेऊन शोधल्यावर वॉटर पंपाच्या पोटाशी, पुलीच्या मागे, गुलाबीसर पांढऱ्या खारीची एक वाळलेली रेघ दिसली. वॉटर पंपाला तिथे मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. आतलं सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावं म्हणून. गरम इंजिनावर तो थेंब जमिनीवर पडण्याआधीच वाळतो आणि मागे फक्त खार राहते. थंडीत रबर आणि धातू आकसतात, म्हणून काही गळत्या गार इंजिनावरच सुरू होतात. गरम इंजिनावर घाईत केलेल्या तपासणीत हे सुटतं.

त्या रेघेचा फोटो, दाब किती होता आणि किती वेळात किती उतरला याची नोंद, आणि भागाचं नाव. वॉटर पंप करारात होता, क्लेम पास झाला. गळती तीच, गाडी तीच. आधी कागदावर टॉप-अप होता, आता पंप होता.

दाब उतरतोय पण बाहेर कुठेच काही नाही, असं असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायचा. त्यासाठी कूलंटच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी धरून वर येणारी हवा त्यातून ओढतात. पेट्रोल गाडीत जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रावण पिवळं पडतं. हीटरच्या कोअरची (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरची) गळतीही विसरू नका. आतल्या काचांवर चिकट वाफ, गोडसर वास किंवा पायाखालचं ओलं कार्पेट ही तिची खूण.

आणि एक कळकळीची विनंती. तापमानाचा काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग मागवा. अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड जास्त तापलं की वाकतं. मूळ दोष छोट्या पंपाचा असतो, नुकसान सगळ्या इंजिनाचं होतं. गाडीने इशारा दिल्यावरही ती चालवत ठेवली म्हणून झालेलं नुकसान जवळपास कुठलीच वॉरंटी भरून देत नाही, आणि इंजिन किती तापलं होतं हे तपासात कळतं.

मंजुरी कोण देतं, ते आधी शोधा

काही एक्स्टेंडेड वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच असतात, काही विक्रेत्याने दिलेल्या, काहींच्या मागे त्रयस्थ कंपनी किंवा विमा कंपनी असते. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाशी आपण हुज्जत घालतो, पण पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारा बऱ्याचदा दुसरीकडे बसलेला असतो. त्याच्यासमोर फक्त पाठवलेला अहवाल, फोटो आणि सर्व्हिसच्या नोंदी असतात. म्हणून कराराची मूळ प्रत काढा, माहितीपत्रक नव्हे, आणि भाग कसे लिहिलेत ते बघा. काही करारांत नावं दिलेले भागच कव्हर असतात. यादीत नाव नसेल तर तो भाग बाहेर. काहींत उलट, वगळलेल्या भागांची यादी असते आणि बाकी सगळं आत. दुसऱ्या प्रकारात "हा भाग यादीत नाही" हे उत्तर तुमच्या बाजूचं असतं.

सील आणि गॅस्केटबद्दल काय म्हटलंय ते खास वाचा. एकट्या गळणाऱ्या सीलला नकार, पण कव्हर असलेल्या भागाबरोबर ते बदलावं लागलं तर होकार, असं कलम आढळतं.

मंजुरीआधी दुरुस्ती सुरू करू देऊ नका. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळणं फार अवघड. क्लेम क्रमांक मिळाला का, किती रकमेचा, कुठल्या भागांसाठी, हे लेखी विचारा. साधा मेसेज किंवा ईमेलही पुरतो. बदललेले जुने भाग क्लेमचा निकाल लागेपर्यंत टाकू नयेत, असंही जॉब कार्डवर लिहून घ्या.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडून बघण्याची. आत काय झालंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडण्याची संमती तुमच्याकडून घेतात. क्लेम पास झाला तर तो खर्च त्यात येतो, नाकारला तर सहसा तुमच्या माथी. सही करण्याआधी उघडण्याची आणि परत जोडण्याची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या, आणि काय आढळलं तर क्लेम पास होईल हे मंजुरी देणाऱ्याकडून आधीच विचारा. गरज वाटली तर त्याचा तपासनीस गाडी उघडलेली असतानाच येऊन बघू दे.

सर्व्हिसच्या नोंदींबद्दल थोडक्यात. ऑइल वेळेवर बदललं याचा पुरावा म्हणजे तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड असलेलं बिल. बाहेर सर्व्हिस केली असेल तर त्या बिलांवर हे तिन्ही आहे ना ते बघा, शिवाय बाहेरची सर्व्हिस करारात चालते का तेही. इंजिनाच्या क्लेममध्ये पहिली मागणी याच कागदांची होते.

नकार आला तर

तोंडी नकार नकार म्हणून धरू नका. कुठल्या कलमाखाली आणि कुठल्या निष्कर्षावरून, हे लेखी मागा. नुसतं "झीज आहे" असं लिहून आलं तर विचारा: भागाचं मोजमाप किती भरलं आणि कंपनीची मर्यादा किती? ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर यांची झीज वादातीत आहे. पण बेअरिंग, कॉइल, पंप असे भाग नेहमीच्या वापरात एवढ्या लवकर जाणं अपेक्षित नसतं. "बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे झालं" असं कारण दिलं तर त्या वस्तूचा आणि बिघडलेल्या भागाचा संबंध दाखवायला सांगा. म्युझिक सिस्टीमच्या तारा कापून जोडल्या असतील तर वायरिंगच्या दोषाशी त्याचा संबंध असू शकतो, वॉटर पंपाशी नाही.

यानंतर दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून निदानाचा अहवाल घ्या, त्यात चाचण्या आणि आकडे असू द्या. तो जोडून फेरविचाराचा अर्ज करा. सोबत सगळ्या जॉब कार्डांची तारीखवार यादी एका पानावर द्या: तारीख, किलोमीटर, तक्रार, केलेला उपाय. एकच तक्रार ओळीने लिहिलेली दिसली की वाचणाऱ्याला वेगळं काही समजावावं लागत नाही. तिथेही दाद मिळाली नाही तर गाडीच्या कंपनीचा ग्राहक विभाग, आणि मग तुमच्याकडची ग्राहक तक्रार यंत्रणा.

कंपनीच्या ग्राहक विभागाशी बोलताना गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर देऊन दोन गोष्टी अवश्य विचारा. या गाडीवर रिकॉल (कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) बाकी आहे का? असेल तर ते काम कंपनी स्वतःच्या खर्चाने करते, वॉरंटीचा संबंधच येत नाही. आणि या लक्षणासाठी टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन निघालंय का? एखाद्या मॉडेलमध्ये एकच दोष खूप गाड्यांत दिसला की कंपनी वर्कशॉपना असं पत्रक पाठवते, त्यात लक्षण, चाचणी आणि सुधारित भागाचा नंबर असतो. बदललेला भाग परत परत जात असेल तर जुन्याच बनावटीचा भाग पुन्हा बसवला जातोय का, हे इथेच उघड होतं.

दुरुस्तीनंतर दिवा नाही म्हणजे दोष गेला असं लगेच धरू नका. कोड पुसलेला असतो आणि मॉनिटर पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात, शहरातलं आणि हायवेवरचं असं मिश्र चालवणं लागतं. स्कॅनरवर संबंधित मॉनिटर पूर्ण झालेला दिसला आणि कोड आला नाही, तर दुरुस्ती टिकली. कूलंटच्या बाबतीत बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि दर आठवड्याला थंड इंजिनावर बघा. बिलावर नव्या भागाचा नंबर आणि क्लेम क्रमांक आहे का ते तपासा, आणि त्या भागाची स्वतःची वॉरंटी किती ते विचारून घ्या. काही ठिकाणी ती एक्स्टेंडेड वॉरंटीबरोबरच संपते, काही ठिकाणी तिची मुदत वेगळी मोजतात. तोच बिघाड त्या मुदतीत उलटला तर नवीन तक्रार म्हणून न देता आधीच्या जॉब कार्डचा नंबर घालून "पूर्वीची दुरुस्ती अपुरी" अशीच नोंदवायला लावा. त्यामुळे तपासणीचे पैसे पुन्हा भरण्याचा आग्रह धरणं त्यांना जड जातं.